तिथे वळण नव्हतं

आमची आई आणि आमचा मामा पाच वर्षांचा अबोला सोडून एकमेकांशी बोलले. डोंगरावर, अंधारात, साक्षीदारांसमोर.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. आमच्या घरची तशीच पद्धत आहे. काही घडलं की आधी ते घडलंच नाही असं ठरवायचं आणि मग चहा ठेवायचा. मामाच्या मते ते बोलणं नव्हतं, तो नियम होता. आईच्या मते मुळात डोंगरच नव्हता. तेव्हा ते बोललेले नाहीत आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही.

मी वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करतो. लोकांचे मोजे हरवतात आणि मी माफी मागतो. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की कुणाचा धक्का मला लागला तरी मीच त्याला ते म्हणून दाखवतो. विनंती आली की "विचाराधीन आहे" असं कळवायचं. विचार कोण करतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. थोडक्यात, माफी हा माझा धंदा आहे. आजोळी मात्र माझ्या मालाला गिऱ्हाईक नाही. तिथे शेवटची माफी कुणी मागितली होती, हे आठवणारं माणूस आता हयात नाही.

आजोबांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. त्यांच्या मागे ते मामा आणि आई मिळून चालवायचे. मामा आत करवत आणि काच सांभाळायचा, आई बाहेर गिऱ्हाईक सांभाळायची. काच जास्त नाजूक असते असं मामा म्हणायचा. त्याने गिऱ्हाईक बघितलेलं नव्हतं.

मग आजी गेली. तिचा एक फोटो भिंतीवर लावायचा होता. दुकानात हजारो लोकांचे आईबाप चौकटीत बसवलेले, आणि आपल्याच आईचा धड फोटो नाही. जे होते त्यात ती कोर्टात साक्ष द्यायला उभी असल्यासारखी दिसायची. हसतानाचा एकच फोटो होता. त्यात तिच्या शेजारी माझी आई होती. पंधरा वर्षांची, दोन वेण्या, आजीच्या खांद्यावर हात आणि तोंड उघडं, कारण जिच्यामुळे आजी हसत होती ती थट्टा नुकतीच तिनेच केलेली होती.

मामाने त्या फोटोसाठी आजोबांच्या हातची कोरीव फ्रेम काढली. फ्रेम अरुंद निघाली, फोटो रुंद. दुसऱ्या कुणी दुसरी फ्रेम घेतली असती. पण त्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवायचे ते हेच, की फ्रेम कापत नाहीत, फोटो कापतात. मामाने लोखंडी पट्टी ठेवली आणि एकदाच सुरी फिरवली. काम एकदम सफाईदार.

सकाळी आई दुकानात आली. भिंतीवर आजी हसत होती आणि तिच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत.

"हा कुणाचा हात?" आईने विचारलं.

मामा काच पुसत होता. वर न बघता म्हणाला, "फ्रेमला बसत नव्हतीस."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. आईने एप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी आली. पुढच्या महिन्यात ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागली. लोकांना नीट दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

त्यानंतर पाच वर्षं दोघांत एक शब्द नाही. काही निरोप असला तर माझ्यामार्फत, आणि मी मधल्या मधे त्यात दोन गोड शब्द घालायचो, ते दोघांनाही लगेच ओळखू यायचे. "हे तो म्हणालेला नाही," आई म्हणायची. "त्याच्या दुकानात असला माल मिळत नाही."

या वर्षी मामाने दुकान विकलं. त्याची मुलगी समुद्रापलीकडे असते, तिच्याकडे कायमचा राहायला चालला. सोमवारी विमान. फोन असतो हो, मला माहीत आहे. पण फोनवर आधी कुणीतरी "हॅलो" म्हणावं लागतं, आणि त्या एका शब्दावर हे दोघं आणखी पाच वर्षं काढू शकतात. तेव्हा जे काय व्हायचं ते सोमवारच्या आत व्हायला हवं होतं. मी शनिवारची एक सहल पकडली: डोंगरावरून सूर्यास्त, सोबत वाटाड्या, चहा-बिस्किटांसह. दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, "माझ्याबरोबर कुणी नाही, तू चल."

बसपाशी मामा दुकानातल्याच बुटांत आला. कानामागे पेन्सिल. आई आधीच खिडकीत बसलेली होती.

"भाच्या," मामा म्हणाला, "ही कोण?"

"माझी आई."

"असं होय." तो आभाळाकडे बघत चढला.

"टवाळा," आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "घरी चल. मग बघते तुझ्याकडे."

"उतरायचं असेल तर उतर. पण रद्द केलं की पैसे जातात."

दोघंही मुकाट्याने बसले. आजोळी माफी नसली तरी काटकसर आहे.

आमची वाटाडी एक किडकिडीत बाई होती. आधी बालवाडीत शिकवायची आणि ते तिने अजून सोडलेलं नव्हतं. गळ्यात शिट्टी, म्हणून मी तिला मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणायला लागलो. पायथ्याशी तिने आम्हाला रांगेत उभं केलं. पुढे एक दातांचे डॉक्टर, मग एक नवं जोडपं, मग मामा, मग आई आणि शेवटी मी. मामाच्या मागे आईला मी उभं केलेलं नाही. शिट्टीबाईने बूट बघून लावलं. भावंडांचे बूट सारखेच झिजलेले होते.

"आता नियम ऐका," ती म्हणाली. "वाटेत प्रत्येक वळणावर दगडाला नारिंगी पट्टा आहे. पट्टा आला की पुढच्याने मागच्याला विचारायचं, 'आहेस का?' मागच्याने म्हणायचं, 'आहे.' मग त्याने आपल्या मागच्याला विचारायचं. अशी साखळी. शेवटचा म्हणेल, 'शेपूट आहे!' ते ऐकू आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. आणि कुणी अहो-जाहो करत बसायचं नाही, डोंगरावर सगळे सारखे. कळलं?"

"होऽऽ," जोडपं म्हणालं.

शेपूट म्हणजे मी. कंपनीतही माझं स्थान साधारण तेच आहे.

पहिला पट्टा आला. डॉक्टरांचं झालं. नवरा बायकोला म्हणाला, "आहेस का गं?" ती म्हणाली, "आहे रे!" जणू काही लग्नच परत लागलं. तिने मागे वळून मामाला विचारलं, "काका, आहात का?"

"आहे," मामा म्हणाला. आणि पुढे गप्प.

साखळी थांबली. वारा वाहिला. एक पक्षी ओरडला, तोही मधेच थांबला.

"काका, मागे विचारा," शिट्टीबाईने पुढून हाक दिली.

मामा खोकला.

आई खोकली.

"झालं," मामा म्हणाला.

"खोकला चालत नाही! खोकला कुणाचाही असतो."

मग मामाने काठी दगडावर दोनदा आपटली. आईने आपली काठी दोनदा आपटली. आई मला म्हणाली, "आहेस का रे?" आणि मी ओरडलो, "शेपूट आहे!"

शिट्टीबाई मागे येऊन आमच्याकडे बघून गेली. बालवाडीत तिने असली मुलं पाहिलेली असणार. "उजेड आहे तोवर काठी चालेल," ती म्हणाली. "अंधारात नाही."

तर आम्ही असे टकटक, टकटक करत चढलो. डॉक्टर दम लागून थांबले तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी दार वाजवतंय.

माथ्यावर एक सपाट जागा होती. सूर्य अजून हातभर वर होता. चहा वाटला. आई एका कडेच्या दगडावर बसली, मामा दुसऱ्या कडेच्या, आणि मी दोघांच्या मधे चहा घेऊन उभा. पाच वर्षं मी तिथेच उभा आहे.

मामा म्हणाला, "भाच्या, डबा माहीत आहे ना तुला?"

डबा मला माहीत होता. बिस्किटांचा जुना मोठा डबा, दुकानात आत फळीवर असायचा. फोटोचं जे काही कापलं जाईल ते त्यात टाकायचं. फेकायचं नाही. आजोबांचा नियम. गिऱ्हाईक कधीतरी परत येतं आणि म्हणतं, आमच्या काकांचा कान यात होता, तो कुठे गेला? मग डब्यातून काढून द्यायचा.

"त्यात आहे ती," मामा म्हणाला.

"कोण?"

"कोण काय कोण? ठमी. दोन वेण्यांवाली." लहानपणी तो आईला ठमी म्हणायचा, हे मी फक्त ऐकून होतो. "पाच वर्षं जपून ठेवलीय. कुणी मागायलाच आलं नाही."

"मग तू नेऊन द्यायचीस."

मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू फ्रेमच कापायला सांगितलीय. "आपण नेऊन देत नाही, भाच्या. गिऱ्हाईक येतं."

"मामा, ती गिऱ्हाईक नाही रे."

तो कपातला उरलेला चहा प्यायला. मग कप खाली ठेवला, कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि उठला. माणूस डॉक्टरकडे आत जाताना टोपी काढतो तसं. आईच्या दगडाकडे तो पाच-सहा पावलं गेला. आईने बघितलं. ती उठली नाही, पण दगडावर थोडी सरकली. एका माणसाला बसता येईल एवढी. हे मी बघितलंय, शपथेवर सांगतो.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

"फोटोऽ! सूर्य जायच्या आत! चला, सगळे या, पटपट!"

शिट्टीबाईने आम्हाला खेचून ओळीत उभं केलं. मधे जोडपं, पलीकडे डॉक्टर आणि मी, अलीकडे मामा आणि एकदम टोकाला आई. शिट्टीबाईने मोबाइल धरला, मागे सरकली, आणखी मागे सरकायला जागा नव्हती, कारण मागे डोंगर संपत होता.

"कडेच्या ताई, थोडं आत या," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही फ्रेममध्ये बसत नाही. कापल्या जाल."

जोडपं दात काढून हसत उभं होतं, त्यांना काय कल्पना.

"असू दे," आई म्हणाली. "मला सवय आहे."

मामा ओळीतून बाहेर पडला. तो चहाच्या थर्मासपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. फोटोत आई आली. मामा नाही. सूर्यही नाही, कारण या गडबडीत तो मावळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जसा काही तो हे पहिल्यांदाच करत होता.

उतरताना अंधार झाला. बॅटरी फक्त शिट्टीबाईकडे आणि शेपटाकडे. काठ्या आता नुसत्या टेकायला.

पहिला पट्टा. जोडप्याचं झालं. मामाचं "आहे" झालं. मी बॅटरी त्याच्या बुटांपाशी धरली. बूट दोनदा इकडचे तिकडे झाले.

"आहेस का?" मामा म्हणाला.

बँकेच्या खिडकीतून "पुढे" म्हणतात तसा आवाज. पण म्हणाला. आणि आता आई गप्प.

पुढून डॉक्टर म्हणाले, "अहो ताई, म्हणून टाका. नुसता 'आ' करायचाय. मी रोज लोकांकडून करून घेतो."

"आहे," आई म्हणाली.

"शेपूट आहे!" मी ओरडलो. इतक्या जोरात की खालच्या गावातली कुत्री भुंकली.

मग दुसरा पट्टा आला, तिसरा आला. "आहेस का?" "आहे." "आहेस का?" "आहे." मी वळणं मोजली नाहीत. मोजली असती तर ती संपत आलीत हे कळलं असतं. आवाज हळूहळू बदलत गेले. खिडकी बंद झाली आणि माणूस बाहेर आला.

"आहेस का? इथे ओलं आहे."

"आहे. दिसतंय मला."

"एवढ्या अंधारात काय दिसतंय?"

"तुझं टक्कल."

नवी बायको फिस्सकन हसली. माझ्या बॅटरीच्या उजेडात मामाचे खांदे हलत होते. त्यापुढच्या पट्ट्यापाशी तो जरा आधीच थांबला, पट्टा यायची वाट बघत. लहान मूल झोक्यासाठी थांबतं तसा. आईनेही तोवर मागे मला विचारणं सोडून दिलेलं होतं. शेपटाची चिंता कुणाला नव्हती. मी एकटाच आपला मधून मधून आहे-आहे म्हणत होतो.

"शेवटचं वळण!" शिट्टीबाई ओरडली.

"आहेस का?"

"आहे."

त्यानंतर सरळ वाट. झाडं संपली, खाली गाड्या लावायच्या जागेतले दिवे दिसायला लागले. तिथून बस चार ढांगांवर. पट्टे नाहीत, नियम नाही, कुणी कुणाला विचारायचं काही कारण नाही. आणि तिथे मामा थांबला. मागे वळला नाही. समोर बघूनच म्हणाला,

"ठमे, आहेस का?"

आई थांबली. मी थांबलो. तिच्या पाठीवर माझ्या बॅटरीचा उजेड होता आणि मला दिसलं की तिचा उजवा हात वर आला. काठी धरलेला नाही, दुसरा. तो हात मामाच्या खांद्याच्या उंचीवर गेला आणि तिथे हवेत थांबला. नुसता हात. तो टेकायला वीतभर अंतर राहिलं होतं. तिने श्वास घेतला.

शिट्टी वाजली.

"पोचलो! साखळी सुटली! टाळ्या स्वतःसाठी!"

आईचा हात खाली आला आणि त्याने गळ्यातला स्कार्फ नीट केला. स्कार्फ नीटच होता. मामा चालायला लागला. बसमध्ये तो पुढे बसला, ती मागे. मी मधे.

रविवारी मी आईला म्हटलं, चल, जाऊन येऊ. ती म्हणाली, कपडे धुवायचेत. आमच्याकडे माझ्याच कंपनीचं मशीन आहे, ते दिवसभर फिरत होतं. मामाला फोन केला तर तो म्हणाला, सामान बांधतोय. "आणि भाच्या, ते काही बोलणं नव्हतं. नियम होता." मी म्हटलं, शेवटचं नियमात नव्हतं. त्यावर फोनमध्ये बराच वेळ चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. मी उघडेपर्यंत लिफ्ट खाली निघालेली होती. पायपुसण्यावर बिस्किटांचा डबा होता. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून दुकानदार आला, आणि तोही उंबऱ्यापर्यंतच.

आईने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर डबा उपडा केला. हजारो लोकांच्या कडा. कोपर, खांदे, अर्धे काका, कुणाचा एक कान, सायकलचं मागचं चाक, एका कुत्र्याची नुसती शेपटी. एवढे सगळे लोक कुठल्या ना कुठल्या चौकटीत बसले नव्हते. आई एकेक उचलून बघत होती, चष्मा कपाळावर सारून. विमान उडायची वेळ होऊन गेली तरी ती शोधत होती.

मग सापडली. एक पट्टी, बोटभर रुंद. दोन वेण्या, उघडं तोंड. सफाईदार कापलेलं. उजवा हात मनगटापाशी संपत होता.

"हात तिकडे गेला," आई म्हणाली.

मामाने आजीची फ्रेम बरोबर नेली होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आजी आता ढगांतून कुठेतरी हसत चालली होती आणि तिच्या खांद्यावर माझ्या आईचा हात होता.

"फोन करू?" मी विचारलं. "उतरला की?"

"काय म्हणून?"

"आहे, म्हणून."

तिने पट्टी उजेडात धरली. मग खाली ठेवली, मग परत उचलली. "तिथे वळण नव्हतं ना रे?"

"नव्हतं."

"पट्टाही नव्हता?"

"नव्हता."

"मग त्याने का विचारलं?"

प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे एक थट्टा तयार असते. मी शोधली. नव्हती. आई उठली आणि तिने चहा ठेवला, दोघांचा. तरीही कप तीन काढले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जेवणाच्या सुट्टीत एक अर्ज लिहिला. असले अर्ज आले की काय उत्तर जातं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी लिहिला.

प्रति,
मा. व्यवस्थापक, सूर्यास्त सहल विभाग.

विषय: उतरणीच्या वाटेवर एक वळण वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या डोंगरावरील शेवटचे वळण व वाहनतळ यांच्या दरम्यान वाट सरळ आहे. या सरळपणामुळे एका कुटुंबाची गैरसोय झाली आहे. तरी सदर ठिकाणी एक वळण, नारिंगी पट्ट्यासह, मंजूर करण्यात यावे. वळण लहान असले तरी चालेल. एक शब्द मावेल एवढे पुरेसे आहे. तसेच सदर वळण गेल्या शनिवारच्या संध्याकाळपासून पूर्वलक्षी प्रभावाने अस्तित्वात असल्याचे मानण्यात यावे व तेथील शिट्टी थोडी उशिरा वाजविण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपला,
शेपूट.